तारेला भाषेचे वावडे नाही

आर्डुइनोसारख्या बोर्डावर सिरियल पोर्ट शिकताना विद्यार्थी पहिले अक्षर पाठवतो ते इंग्रजी. 'अ' पाठवून बघ, असे त्याला सहसा कुणी सांगत नाही. यंत्राला आपली लिपी पेलत नाही, हा समज तिथेच रुजतो. तो खोटा आहे.

तारेतून अक्षरे नाही, बाइट जातात. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, उर्दूच्या अलिफला २ आणि मराठीच्या 'अ'ला ३. ९६०० बॉडच्या नेहमीच्या मांडणीत सेकंदाला ९६० बाइट जातात. 'पाणी संपले, मोटर बंद' हा निरोप फक्त ५२ बाइटचा!

खरी अडचण पडद्यापाशी आहे. छोट्या एलसीडीसाठी गाजलेल्या हिताचीच्या एचडी४४७८० चिपच्या एका प्रकारात जपानी काताकाना लिपी आहे. देवनागरी किंवा उर्दू नाही. जपान्यांनी आपली लिपी स्वतः बसवली. आपण वाट कुणाची पाहतो?

पॉलिटेक्निकच्या मुलामुलींनी निदान एक प्रात्यक्षिक मराठीत, एक उर्दूत करावे. मोटरीच्या पेटीवर 'एरर' पाहून गोंधळणारा शेतकरी आपलाच आहे. त्याला कळेल असे यंत्राने बोलावे, ही जबाबदारी शिकलेल्यांची आहे.