गॅरेजमधली तीनचाकी

आमच्या म्हार्दोळच्या घराला लागून एक गॅरेज आहे. बाबांनी १९७८ साली फियाटसाठी बांधून घेतलेले. दहा फूट रुंद, अठरा फूट लांब, वर मंगळुरी कौले. त्या काळी फियाट आत लावली तरी बाजूने दोन माणसे बोलत बोलत चालत जायची. आज त्याच गॅरेजमध्ये एका तीनचाकीला जागा द्यायची की नाही, यावरून आमच्याकडे जवळजवळ वर्षभर धुसफूस चालली होती.

ही तीनचाकी म्हणजे रिक्षा नव्हे. रिकंबंट ट्राइक. पुढे दोन चाके, मागे एक. आरामखुर्चीत रेलून बसल्यासारखे बसायचे, पाय समोर लांब करून पेडल मारायचे, हात मांडीच्या बाजूला. माझा भाचा नेदरलँड्सहून कायमचा परत आला तेव्हा सामानाबरोबर आली. त्याने ती मला दिली, कारण २०२१ साली आतल्या कानाच्या दुखण्याने माझा तोल गेला तो पूर्ण परत आलाच नाही. स्कूटर सुटली, सायकल सुटली. दूध आणायलासुद्धा कोणाच्या तरी मागे बसून जायचे, ही वेळ आली. तीन चाकांवर तोल सांभाळावा लागत नाही. पहिल्या दिवशी आतल्या रस्त्याने एकटा मंगेशीपर्यंत जाऊन आलो आणि सोप्यावर बसून मुकाट्याने चहा प्यालो. काय वाटले ते सांगत बसत नाही.

घरच्यांना आनंद झाला, पण तो संध्याकाळपर्यंतच टिकला. संध्याकाळी प्रश्न आला, ही ठेवायची कुठे?

हिशेब सांगतो, कारण भांडण हिशेबाचेच होते. गॅरेजची रुंदी तीन मीटर पाच सेंटीमीटर. फियाट जेमतेम दीड मीटर रुंद होती. मुलाची आजची गाडी एक मीटर एकोणऐंशी सेंटीमीटर, आणि कानासारखे बाहेर आलेले आरसे वेगळे. लांबी चार मीटरच्या आत ठेवली की कर कमी लागतो, म्हणून या गाड्या लांबीला आखूड आणि रुंदीला ऐसपैस. राहिला सव्वा मीटर. त्यातून दार उघडून माणूस उतरायला साठ सेंटीमीटर सोडा. उरले पासष्ट. माझी ट्राइक ऐंशीच्या वर. म्हणजे वाद पंधरा-वीस सेंटीमीटरचा!

मुलगा म्हणाला, "बाबा, बाहेर ठेवा ना, वर प्लास्टिक घालू." त्याचे मन वाईट नाही. पण गोव्याच्या पावसात चार महिने प्लास्टिकखाली काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. या ट्राइकची साखळी साध्या सायकलच्या जवळजवळ तिप्पट लांब असते, त्यातली बरीचशी नळ्यांतून जाते. नळीत ओल शिरली की गंज बाहेरून दिसतही नाही. आणि मला खुपले ते वेगळेच. गाडी बाहेर ठेवू या, असे कोणाच्या मनातसुद्धा आले नाही. आठवड्यातून चार दिवस ती गॅरेजमध्येच असते. ट्राइक रोज बाहेर पडते, पण ती 'बाबांचे खेळणे'. ज्यावर माणूस स्वतःच्या पायांनी जातो ते आपल्याकडे वाहन ठरत नाही.

तसा या जातीच्या वाहनाला जागा नाकारण्याचा इतिहास जुना आहे. १९३३ साली फ्रान्सिस फोर या फ्रेंच सायकलपटूने रेलून चालवायच्या दुचाकीवर एका तासात ४५ किलोमीटरच्या वर अंतर कापून विक्रम केला. पुढच्याच वर्षी सायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सायकलीची व्याख्याच अशी केली की ती दुचाकी त्यात बसेना. तेव्हा माझ्या घरच्यांना एकट्यांना काय बोल लावायचा?

खरी रिकामी होण्यासारखी जागा गॅरेजच्या मागच्या दीड मीटरमध्ये होती. तिथे काय होते? न्हाणीतले तांब्याचे भाण, गॅस गीझर आल्यापासून थंड पडलेले. फुटलेला रगडा. दोन रंगाचे डबे. आणि भिंतीला आडवी लावलेली बाबांची १९८४ सालची चेतक. बाबा २०१२ साली गेले. त्यानंतर ती एकदाही सुरू झाली नव्हती, पण दर चवथीला कोणीतरी तिच्यावरची धूळ पुसायचे. वरच्या वाशांना माटोळीची चौकट टांगलेली. तिला हात लावायचा प्रश्नच नव्हता.

चेतकविषयी बोलायचे धाडस मी कित्येक महिने केले नाही. मीच तिच्यावर गाडी चालवायला शिकलो होतो. शेवटी २०२४ च्या मे महिन्यात, पाऊस तोंडावर आला तेव्हा, आईला विचारले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मनीस वचून बारा वर्सां जालीं. स्कूटर कित्याक जाय?" मग थोड्या वेळाने, "बाबांचें हॅल्मेट दवर."

स्कूटर जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या एका तरुणाने नेली. मी घरात थांबलो, बाहेर गेलो नाही.

आता ट्राइक तिथे आडवी असते. ती आत नेण्याची युक्ती कळायला मला आठवडा लागला, म्हणून कोणाला उपयोग झाला तर सांगून ठेवतो. गाडी एका भिंतीला चिकटवून लावायची, म्हणजे सव्वा मीटरची वाट सलग मिळते. साठ सेंटीमीटर उतरण्यापुरतेच लागतात, रात्रभर नव्हे, हे आमच्या लक्षातच आले नव्हते. ट्राइक कधी मागे ढकलू नये. मागे ढकलली की साखळीबरोबर पेडल उलटी फिरतात आणि नडगी फोडतात. माझी दोनदा फुटली. सीटची पाठ धरून मागचे चाक वीतभर उचलायचे. वजन बहुतेक पुढच्या दोन चाकांवर असते, त्यामुळे हाताला ते हलके लागते. मग ती हातगाडीसारखी पुढे-मागे जाते आणि जागच्या जागी वळते. माझ्यासारख्याला पकडायला आधारही होतो. पुढचे दातेरी चक्र तेवढे भिंतीकडे करावे, नाहीतर मुलाच्या पांढऱ्या पँटीला ऑइल लागते आणि जुना विषय पुन्हा निघतो.

चवथीच्या आदल्या दिवशी मात्र माटोळीची चौकट खाली काढायला शिडी मधोमध लागते. त्या दिवशी ट्राइक सोप्यावर, आणि गाडी बाहेर पावसात.