मशीन भंगारात नको, शोपीसही नको

मी मेकॅनिकल इंजिनीअर आहे आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर. दिवाळीत भिलाईला गेले तेव्हा आईचं शिलाई मशीन आठ महिने बंद पडून होतं. आई म्हणाली, "एवढी शिकलीस, बघ तरी जरा." मी बघितलं, आणि तासाभरात ते होतं त्याहून जास्त बिघडवलं.

झालं असं, की सुईच्या बाजूच्या झाकणाचा एक स्क्रू हरवला होता. हार्डवेअरच्या दुकानातून साधारण त्याच जाडीचा आणला आणि पिळला. दोन आटे आत गेला, मग अडला. मी जोर लावला. जुन्या सिंगर मशीनचे आटे बाजारातल्या आट्यांशी जुळत नाहीत, कारण त्या कंपनीनं आपले आटे आपणच ठरवले होते. चार वर्षं आट्यांचे तक्ते पाठ करून परीक्षा दिलेल्या मला, समोरचा आटा तक्त्याबाहेरचा असू शकतो, हे सुचलंच नाही.

मशीनचं डोकं पोत्यात बांधून आम्ही दोघी ऑटोनं पॉवर हाउसच्या मार्केटात गेलो. तिथं एका बोळात चाचांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक बाक, एक बल्ब आणि भिंतीला टेकवलेली मेलेली मशीनं. चाचांनी स्क्रूवरून नख फिरवलं. "ये तो बाज़ार का है. किसने डाला?" मी गप्प. आईनं माझ्याकडे बोट दाखवलं.

चाचा कोणत्याही शाळेत यंत्रशास्त्र शिकलेले नाहीत. पण त्यांनी हातचाक अर्धा फेरा फिरवून, कान लावून सांगितलं की आत खोबरेल तेल गोठलं आहे. आईनं मान डोलावली. मशीनचं तेल संपलं की ती तेच घालायची. खोबरेल थंडीत थिजतं आणि काही वर्षांनी लाखेसारखं चिकटतं. त्यावर उपाय रॉकेलचा. सांध्यांत थेंब थेंब सोडायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी चाक हळूहळू पुढे-मागे करायचं. हातोडी अजिबात नाही. बिडाचं ओतीव अंग ठोक्यानं वाकत नाही, तडकतं. माझा स्क्रू काढून त्यांनी एका मोडक्या उषा मशीनचा स्क्रू बसवला. तो सहज बसला. आपल्याकडची मशीनं सिंगरच्याच घडणीवर बेतलेली, म्हणून आटेही तेच.

खरी अडचण शटलची निघाली. आज घरोघरी दिसणाऱ्या काळ्या मशीनमध्ये गोल बॉबिन असते. तिचे सुटे भाग लुधियानाहून येतात आणि कुठल्याही शहरात मिळतात. आईचं मशीन त्याआधीच्या घडणीचं. त्यात लांबट बॉबिन होडीच्या आकाराच्या शटलमध्ये बसते, आणि ती होडी मागे-पुढे झुलत वरच्या दोऱ्याच्या फासातून निघून जाते. सुई बाजारातलीच चालते, शटल मात्र चालत नाही. आईच्या शटलचं नाक झिजून खरखरीत झालं होतं, म्हणून दोरा तुटत होता. नवं शटल कुठंच नव्हतं. दुसरं एखादं मशीन मेलं, तरच मिळणार.

हे मशीन स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. तो कारखाना 1980 मध्ये बंद झाला. ते आमच्याकडे कसं आलं? माझे आजोबा भंडारा जिल्ह्यातल्या गावातून 1957 मध्ये पोलाद कारखान्याच्या बांधकामावर मजूर म्हणून आले. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली धमनभट्टी सुरू झाली, तेव्हा ते गर्दीत मागे उभे होते, असं सांगायचे. पुढे बाबा ठेकेदाराकडे लागले. कायम कधीच झाले नाहीत. 1988 मध्ये आईनं हे मशीन जुन्यातलं घेतलं, तेही हप्त्यानं. शाळेचे गणवेश, ब्लाउज, फॉल-पिको, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधीचे पंधरा दिवस नागपूरला जाणाऱ्यांचे पांढरे सदरे. माझी फी या पायडलवरून आली. हे भावुक होऊन सांगत नाही. हिशेबाची वही अजून घरात आहे.

आजी सांगायची की गावात शिंपी आमच्या माणसांचं माप अंगाला हात लावून घेत नसे. दुरून बघून अंदाजानं कापायचा, मग सदरा कसाही होवो. म्हणून आई जेव्हा गळ्यात टेप टाकून कॅम्पातल्या बायकांची मापं घ्यायला लागली, तेव्हा ती काही बापजाद्यांचा धंदा चालवत नव्हती. आमच्या जातीला हा धंदा कुणी कधी दिलाच नव्हता. हा फरक मी मुद्दाम मांडते आहे, कारण माझ्याच एका मित्रानं, तोही पहिल्या पिढीतला पदवीधर, मला सुनावलं: "विकून टाक ते. गरिबीची खूण कशाला जपतेस? बाबासाहेबांनी जुनी कामं सोडायला सांगितली ना?"

सांगितली, आणि बरोबर सांगितली. मेलेली ढोरं ओढणं, मैला उचलणं या कामांना जन्मानं बांधलेल्या माणसानं ती टाकूनच द्यायला हवीत. पण झाडू आणि शिलाई मशीन एका पारड्यात कसं घालायचं? 1936 च्या ‘जातिभेद निर्मूलना’त बाबासाहेबांचा मुद्दा असा की जात कामाची वाटणी करत नाही, काम करणाऱ्यांची करते, आणि वर त्यांची उतरंड लावते. त्या उतरंडीत हातानं जाणणारा कायम खाली. डिग्री घेऊन आपण एक पायरी चढतो आणि वर जाऊन तीच उतरंड वापरतो. माझ्या अंगात ती होती. नाहीतर मी स्क्रू पिळण्याआधी कुणाला तरी विचारलं असतं.

इथं गांधींचा विषय काढावाच लागतो. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधींनी 1924 मध्ये सिंगर मशीनला सूट दिली होती. बायकोचे शिवणाचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरनं प्रेमापोटी हे मशीन केलं, अशी गोष्ट त्यांनी सांगितली. गोड आहे, पण खरी नाही. 1850 मध्ये बोस्टनच्या एका कारखान्यात दुसऱ्यांनी बनवलेलं, सतत बिघडणारं मशीन दुरुस्तीला येत असे. ते बघून आयझॅक सिंगरनं सुधारलं आणि 1851 मध्ये पेटंट घेतलं. म्हणजे हे मशीन जन्मलंच दुरुस्तीच्या बाकावर. बाबासाहेबांना असल्या गोष्टींची गरज पडली नाही. काँग्रेस आणि गांधींवरच्या 1945 च्या पुस्तकात त्यांनी सरळ मांडलं की यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, फुरसतीशिवाय संस्कृती नाही, आणि यंत्राच्या नावानं सांगितले जाणारे दोष समाजरचनेचे आहेत. आईच्या आयुष्यात मशीननं फुरसत फारशी आणली नाही, हेही खरं. ती रात्री दोनपर्यंत शिवायची. फुरसत माझ्या वाट्याला आली, अभ्यासाची.

शटलच्या शोधात मी सुपेल्याचा रविवारचा बाजार पालथा घातला, भंगारवाल्यांकडे गेले, रायपूरला गेले. तिथं एका चकचकीत दुकानात तीन सिंगर स्टँड होते, वर संगमरवरी फळी बसवून कॉफीचं टेबल केलेले. शेजारी मशीनची डोकी, सोनेरी नक्षी नव्यानं रंगवून. त्यातलं एक आमच्याच घडणीचं. मी झाकणपट्टी सरकवली. आत शटल होतं, जवळजवळ कोरं. मशीनचं चाक जाम होतं, रंगाचा थर थेट सुईच्या दांड्यावर चढला होता. ते पुन्हा कधीच शिवणार नव्हतं. मी फक्त शटल मागितलं, म्हणतील त्या किमतीला. मालक म्हणाले, नाही, मग पीस अपुरा राहील.

अपुरा! टाका न घालणारं मशीन त्यांच्या लेखी पूर्ण होतं. अशा वस्तूंना आता ‘हेरिटेज’ म्हणतात. ज्यांच्या घरात कुणी पायडल मारून फी भरली नाही, त्यांना मशीन स्थिर असलं तरच सुंदर दिसतं. मी रागानं लिहिते आहे हे मान्य. पण आपल्यातलीही मंडळी नवा फ्लॅट घेतल्यावर असलंच टेबल आणतात, आणि आईचं मशीन किलोवर देऊन टाकतात. भिलाईत तर लोखंडाचा भाव शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो.

सरकारची नजरही फार वेगळी नाही. 17 सप्टेंबर 2023 ला, विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी, पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. यादीत अठरा व्यवसाय. शिंपी आहे, चांभार आहे, लोहार आहे. अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत, वर स्वस्त कर्ज. अट अशी की काम कुटुंबातून चालत आलेलं पारंपरिक हवं. तामिळनाडूनं 2024 मध्ये याच मुद्द्यावर ती आहे तशी राबवायला नकार दिला, आणि मला तो योग्य वाटतो. अठरांच्या यादीत शिलाई मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री नाही. कसा असेल? ती विद्या कुठल्या जातीची म्हणून ठरलेलीच नाही. चाचा इद्रिसी, म्हणजे दर्जी बिरादरीतले, पण मशीन उघडायला शिकले ते एका बंगाली मिस्त्रीकडून. त्यांच्याकडे शिकलेला पोरगा सतनामी.

त्याच 17 तारखेला भिलाईत दुकानादुकानांत यंत्रांची पूजा होते. चाकावरून पायडलपर्यंत जाणाऱ्या चामडी पट्ट्यालाही हळदकुंकू लागतं. ते चामडं कमावणाऱ्याला मात्र लागत नाही. पट्टा सैल पडला की चाचा तो बोटभर कापून पुन्हा हूक लावतात. प्लॅस्टिकचा पट्टा स्वस्त, पण घसरतो.

माझं म्हणणं एवढंच: आपण पदवीधरांनी हातकाम पुन्हा स्वीकारावं असं नाही, पण या माणसांना जे येतं त्याला शिक्षण म्हणावं. मिस्त्रीनं मजुरी सांगितली की घासाघीस करू नये. त्यांच्याकडे बसून लिहून घ्यावं, मराठीत, हिंदीत, छत्तीसगढीत: कुठला भाग कशाला बसतो, कुठला बसत नाही. मी सुरुवात केली आहे. वहीची बारा पानं झालीत, पहिल्याच पानावर माझा स्क्रू.

मार्चमध्ये चाचांचा फोन आला. डोंगरगढहून एक मशीन भंगारात आलं होतं, पडून मानेपाशी दोन तुकडे झालेलं, पण शटल शाबूत. मी सुटी टाकून गेले. शटल बसलं, पट्टा चढला, आईनं चिंधीवर वीतभर टीप मारली, उलटून बघितली आणि म्हणाली, "खालचा दोरा सैल आहे." शटलवर त्यासाठी एक बारकासा स्क्रू असतो. मी पेचकस उचलला. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला.