विश्लेषण : कोकणातील पड जमिनीवर जंगल का परतत नाही?

शेती सुटली की जमीन आपोआप जंगल होते, हा समज निम्माच खरा आहे. कोकणात डोंगरउतारावरच्या वरकस जमिनींत पूर्वी नाचणी-वरी पिकवून जमीन काही वर्षे पड ठेवली जाई. मुंबईकडे स्थलांतर वाढले, मजूर मिळेनासे झाले आणि अनेक वरकस जमिनी कायमच्या पड राहिल्या. आज तिथे झुडपे आणि झाडे यांच्यात चढाओढ सुरू आहे.

झाडे मागे का पडतात?

ऐन, किंजळ तुटले तरी बुंध्यातून पुन्हा फुटतात. जिथे बुंधे शिल्लक आहेत, तिथे जंगल लवकर सावरते. जिथे ते खणून काढले, तिथे सारी भिस्त बियांवर. कोवळ्या रोपाला ऊन, पाणी आणि जागा हवी असते. नेमके तेच झुडपे आधी बळकावतात.

सगळी झुडपे शत्रू आहेत का?

नाही. करवंदीच्या काटेरी जाळीत गुरांचे तोंड शिरत नाही. तिच्या आडोशाला झाडांची रोपे वाढतात आणि पुढे जाळीच्या वर जातात. घाणेरी आणि रानमोडी यांचे मात्र तसे नाही. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातील. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून भारतात आली. तिची फळे पक्षी खातात, बी दूरवर पसरते. पाला विषारी असल्याने गुरे सहसा तोंड लावत नाहीत. रानमोडीचे हलके बी वाऱ्यावर उडते. दोन्हींच्या दाट सावलीत इतर रोपे तग धरत नाहीत.

वणव्याने काय होते?

रान साफ करायला आग लावली जाते. तीत झाडांची रोपे मरतात; घाणेरी-रानमोडी मात्र बुडख्यातून पुन्हा फुटतात. म्हणजे दर वणव्यागणिक झुडपांचेच फावते.

मग उपाय कोणता?

यंत्राने सरसकट सफाई केली तर करवंदी आणि जुने बुंधेही जातात. त्याऐवजी पावसाने जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी, परकी झुडपे मुळासकट काढावीत, बुंधे राखावेत आणि उन्हाळ्यापूर्वी जाळपट्टे काढावेत. हे काम एका वर्षात संपत नाही. मालक शहरात आणि सातबाऱ्यावर डझनभर नावे, अशा जमिनीवर ते करणार कोण, हा खरा प्रश्न आहे. गावाने मिळून राखण केली नाही, तर ‘हिरवे’ दिसणारे हे डोंगर जंगलाविनाच राहतील.