फुटेज तुमचं, फॉरमॅट कुणाचा?

शॉर्टफिल्म सबमिट करायची डेडलाइन उद्या सकाळची. फोनवर फोर-केमध्ये झकास शूट झालंय. फाइल लॅपटॉपवर घेतली, एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकली आणि... आवाज येतोय, चित्र गायब! किंवा चित्र येतंय, पण दर दोन सेकंदांनी अडकतंय. मग रात्री साडेअकराला ग्रुपवर तो ठरलेला मेसेज पडतो, ‘कुणाकडे चांगला कन्व्हर्टर आहे का रे?’

फिल्म, मीडिया किंवा अगदी इंजिनीअरिंगच्या फेस्टची टीम असो, ही रात्र बहुतेकांच्या वाट्याला येते. आणि दोष नेहमी लॅपटॉपला दिला जातो. ‘रॅम कमी आहे’, ‘ग्राफिक्स कार्ड नाही’, ‘नवा घे’. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली एक बातमी काही वेगळंच सांगते. एचपी आणि डेल या दोन बड्या कंपन्यांनी आपल्या काही बिझनेस लॅपटॉपमध्ये एच.२६५ व्हिडीओ उलगडण्याची हार्डवेअरमधली सोय चक्क बंद करून ठेवल्याचं समोर आलं. लक्षात घ्या, प्रोसेसरमध्ये ती सोय आहे. चिप बनवणाऱ्याने दिलेली आहे. लॅपटॉप विकणाऱ्याने ती बंद केली. एचपीच्या काही मॉडेल्सच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलंही आहे. ग्राहकांना हवं असेल तर परवाना असलेलं दुसरं सॉफ्टवेअर वापरा, असं कंपनीचं उत्तर.

असं का करावं? दोन्ही कंपन्यांनी पैशांचं कारण दिलेलं नाही. पण त्याच सुमारास एच.२६५ च्या एका पेटंट पूलचं शुल्क अमेरिकेत मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या उपकरणांसाठी जानेवारी २०२६ पासून नगामागे २० सेंटवरून २४ सेंट होणार होतं, हे अनेक तंत्रज्ञान पत्रकारांनी लगेच शेजारी मांडून दाखवलं. चार सेंट म्हणजे चार रुपयांच्याही आत. तुमच्या-आमच्या रात्रीची किंमत इथून ठरायला सुरुवात होते.

श्रीखंडाच्या डब्यात मिरच्या

आधी एक घोळ मिटवू. फाइलच्या नावाशेवटी असलेलं ‘एमपी४’ किंवा ‘एमओव्ही’ म्हणजे फॉरमॅट, असं आपण समजतो. ते फक्त डब्याचं नाव आहे. घरच्या फ्रिजमधला श्रीखंडाचा डबा आठवा. उघडला की आत निघतात हिरव्या मिरच्या! तसंच एमपी४ नावाच्या डब्यात एच.२६४ असू शकतं, एच.२६५ असू शकतं, एव्ही१ सुद्धा असू शकतं. आत जे असतं त्याला म्हणायचं कोडेक, म्हणजे चित्र दाबून भरण्याची आणि परत उलगडण्याची पद्धत. सॉफ्टवेअर अडतं ते बहुतेक वेळा आतल्या मालावर.

आता हा माल दोन प्रकारचा. किराणा दुकानातली उधारीची वही बघितली असेल तर फरक पटकन कळेल. दुकानदार पहिल्या ओळीत सगळं लिहितो आणि खाली नुसतं ‘वरीलप्रमाणे’, फक्त बदललेला आकडा तेवढा नवा. एच.२६४ आणि एच.२६५ साधारण असंच करतात. एक फ्रेम पूर्ण साठवायची आणि पुढच्या कित्येक फ्रेमचा फक्त बदल टिपायचा. त्यामुळे जागा प्रचंड वाचते. पण एडिट करताना तुम्ही मधल्याच फ्रेमवर कट मारता तेव्हा सॉफ्टवेअरला वर जाऊन पहिल्या ओळीपासून हिशोब लावावा लागतो. प्लेहेड अडकतो तो इथे.

अ‍ॅपलचं प्रोरेस किंवा अ‍ॅव्हिडचं डीएनएक्सएचआर हे दुसऱ्या प्रकारचे. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, पूर्ण लिहिलेली. एडिटिंग लोण्यासारखं चालतं, पण वही जाडजूड होते. किती जाड? अ‍ॅपलच्याच आकड्यांनुसार आयफोनवर ३० फ्रेमने शूट केलेला फोर-के एच.२६५ व्हिडीओ मिनिटाला साधारण १७० एमबी घेतो, म्हणजे तासाला १० जीबीच्या आसपास. तोच तासभर मजकूर प्रोरेस ४२२ मध्ये कन्व्हर्ट केला तर साधारण २६५ जीबी. सव्वीसपट!

म्हणजे कन्व्हर्ट करण्यामागे एक खरंखुरं तांत्रिक कारण आहे. कॅमेऱ्याला जागा वाचवायची आहे, एडिटरला वेग हवा आहे आणि दोघांच्या गरजा उलट्या आहेत. एवढंच असतं तर तक्रार नव्हती. पण गोष्ट इथे संपत नाही.

मालकी हक्काचा मामला

एच.२६४ हे मानक २००३ मध्ये आलं. त्यावरही पेटंट होती, पण बहुतांश एका पूलमध्ये एकत्र बांधलेली. २०१० मध्ये त्या पूलने जाहीर केलं की प्रेक्षकांना मोफत दाखवल्या जाणाऱ्या इंटरनेट व्हिडीओवर कायमचं शुल्क लागणार नाही. म्हणूनच आज एच.२६४ ची फाइल जवळपास कुठेही उघडते. २०१३ मध्ये एच.२६५ आलं. त्याच दर्जाचं चित्र साधारण निम्म्या जागेत बसवण्याचा त्याचा वायदा होता. पण त्याच्या पेटंटचे मालक वेगवेगळ्या पूलमध्ये विखुरले आणि काही पूलबाहेरच राहिले. उपकरण बनवणाऱ्याला एका दारात पैसे देऊन सुटका नाही. २०१७ मध्ये अ‍ॅपलने आयफोनवर एच.२६५ आणलं आणि हा फॉरमॅट आपल्या खिशात आला. विंडोजच्या अनेक लॅपटॉपवर मात्र तो उलगडण्याचं एक्स्टेन्शन वेगळं विकत घ्यावं लागतं. अमेरिकेत त्याची किंमत ०.९९ डॉलर.

डाविंची रिझॉल्व्ह हे विद्यार्थ्यांचं लाडकं सॉफ्टवेअर, कारण त्याची मोफत आवृत्ती दमदार आहे. पण लिनक्सवर त्याच मोफत आवृत्तीत एच.२६४ आणि एच.२६५ फाइल उघडत नाही. उघडायची तर २९५ डॉलरची स्टुडिओ आवृत्ती घ्या. म्हणजे पैसे वाचवायला लिनक्स घेतलं, मोफत सॉफ्टवेअर घेतलं आणि शेवटी प्रत्येक क्लिप कन्व्हर्ट करत बसलो!

महागड्या कॅमेऱ्यांच्या दुनियेतही हेच. ‘रेड’ या कॅमेरा कंपनीकडे कॅमेऱ्याच्या आतच रॉ व्हिडीओ दाबून साठवण्याचं पेटंट होतं. अ‍ॅपलने २०१९ मध्ये त्याला आव्हान दिलं, पण ते टिकलं नाही. २०२२ मध्ये रेडने निकॉनवर झेड९ कॅमेऱ्यातल्या रॉ फॉरमॅटवरून दावा ठोकला. २०२३ मध्ये तो दावा मागे घेतला गेला आणि २०२४ मध्ये निकॉनने रेड ही कंपनीच विकत घेतली. भांडण फॉरमॅटचं, शेवट कंपनीच्या खरेदीत. यावरून कळतं की फाइल साठवण्याची पद्धत ही किती मौल्यवान मालमत्ता आहे.

आणि हे सगळं तिकडे अमेरिकेत घडतं असं नाही. फिलिप्सने भारतातल्या डीव्हीडी प्लेअर जुळवणाऱ्या उत्पादकांवर केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये फिलिप्सच्या बाजूने निकाल दिला. रॉयल्टी ठरली मे २०१० पर्यंत नगामागे ३.१७५ डॉलर आणि नंतर १.९० डॉलर. आपल्या घरी टीव्हीखाली जो स्वस्तातला प्लेअर होता, त्याच्या किमतीतही फॉरमॅटचा हिशोब होता.

बिल कुणाच्या नावावर?

थोडक्यात, कॅमेरा कंपनी, चिप कंपनी, लॅपटॉप कंपनी आणि सॉफ्टवेअर कंपनी यांच्यात एकमत होत नाही, तेव्हा तो फरक कुणीतरी भरावा लागतो. मोठा स्टुडिओ हार्डवेअरने भरतो. हौशी शॉर्टफिल्मवाला, गावातला लग्नाचं शूटिंग करणारा, एकट्याने यूट्यूब चॅनेल चालवणारी मुलगी हे वेळेने आणि हार्डडिस्कने भरतात. कॅमेरे तर हल्ली १०-बिट ४:२:२ असे रंगाने समृद्ध एच.२६५ फुटेज देतात. पण ते सहज उलगडण्याची सोय एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डमध्ये आली थेट २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत. इंटेलच्या चिपमध्ये ती अकराव्या पिढीपासून आहे. म्हणजे हजारो रुपयांचं गेमिंग कार्ड असलेला मित्र अडतो आणि साधा इंटेलवाला पुढे जातो, असंही होऊ शकतं!

वेळ नाही, पैसा नाही, मग हात जातो ‘फ्री ऑनलाइन कन्व्हर्टर’कडे. आणि खरा धोका इथे आहे. मार्च २०२५ मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने अशा मोफत फाइल कन्व्हर्टरच्या आडून मालवेअर पसरवलं जात असल्याचा इशारा दिला होता. त्यात पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. तुम्ही एखाद्या बाईंची मुलाखत चेहरा न दाखवण्याच्या अटीवर घेतली असेल, तर चेहरा ब्लर करण्याआधीचं मूळ फुटेज अनोळखी सर्व्हरवर चढवणं हा दिलेल्या शब्दाचा भंग आहे. ते फुटेज तिथून कधी पुसलं जाईल, हे तुमच्या हातात उरत नाही.

मग करायचं काय?

आधी निदान, मग औषध. मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डब्यात नेमकं काय आहे ते सांगतं : कोडेक, बिट, फ्रेम रेट, सगळं.

फक्त डबाच नडत असेल तर आतल्या मालाला हात लावू नका. ओबीएसवर एमकेव्हीमध्ये केलेलं रेकॉर्डिंग प्रत्येक एडिटिंग सॉफ्टवेअरला चालतंच असं नाही. पण ओबीएसमध्येच ‘रीमक्स’चा पर्याय आहे. त्याने फक्त डबा बदलतो. दर्जा तसूभरही घटत नाही आणि काम झटक्यात होतं.

आवाज आणि ओठ हळूहळू वेगळे होत असतील, तर बहुधा दोष फ्रेम रेटचा आहे. फोन आणि स्क्रीन रेकॉर्डर बऱ्याचदा सेकंदाला कधी ३०, कधी २७ अशा फ्रेम टिपतात. अशी फाइल हॅण्डब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून कन्व्हर्ट करा आणि मगच टाइमलाइनवर घ्या.

फाइल उघडते, पण अडकते? मग सगळं प्रोरेसमध्ये कन्व्हर्ट करायची गरज नाही. प्रॉक्सी बनवा. म्हणजे एडिटपुरती हलकी प्रत. एचडीमधली प्रोरेस प्रॉक्सी तासाला साधारण २० जीबी घेते. एडिट त्यावर करायचं आणि अंतिम एक्स्पोर्टला सॉफ्टवेअर मूळ फाइल वापरतं. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह दोन्हींत ही सोय आहे.

आणि फाइल उघडतच नसेल तर शटर एन्कोडर हे मोफत सॉफ्टवेअर आपल्याच लॅपटॉपवर, इंटरनेटशिवाय कन्व्हर्ट करून देतं. त्याच्या पोटात काम करतं एफएफएमपेग. २००० साली फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प आज व्हिडीओ जगाचा अर्धा भार वाहतोय म्हटलं तरी चालेल.

एक भ्रम मात्र सोडा. ८-बिट फुटेज प्रोरेसमध्ये नेलं म्हणून त्यात नवे रंग येत नाहीत. उसाचा रस मोठ्या ग्लासात ओतला म्हणून वाढत नाही, तसंच. त्यामुळे कन्व्हर्ट झालं की मूळ फाइल डिलीट करण्याची घाई नको. खरा ऐवज तोच.

पुढे काय?

चित्र अगदीच अंधारं नाही. गूगल, नेटफ्लिक्स, मोझिला, अ‍ॅमेझॉन वगैरेंनी २०१५ मध्ये आघाडी केली आणि २०१८ मध्ये एव्ही१ हा रॉयल्टी न मागणारा कोडेक आणला. तो बघण्यासाठी रुजतोय, कॅमेऱ्यात मात्र फारसा शिरलेला नाही. शूटिंगच्या बाजूने सॅमसंगने एपीव्ही हा खुला, एडिटिंगला सोपा कोडेक पुढे आणला आणि २०२५ च्या अँड्रॉइड १६ मध्ये त्याला जागा मिळाली. त्याच्या फाइल मोठ्या असतात, हे आहेच. पण ‘तुझा फोन, तुझा लॅपटॉप आणि मधे कुणाचाही टोल नाका नाही’ ही शक्यता निदान कागदावर तरी आली.

ती प्रत्यक्षात यायची तर मागणी आपल्याकडून जायला हवी. कॅमेरा घेताना आपण मेगापिक्सेल विचारतो, फोन घेताना झूम विचारतो, लॅपटॉप घेताना रॅम विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारायला लागू : हा कोणत्या कोडेकमध्ये फाइल देतो आणि तो उलगडायची सोय यात चालू आहे की बंद? हाच प्रश्न कॉलेजच्या एडिटिंग लॅबसाठी मशीन खरेदी करणाऱ्यांनाही विचारायला हवा. शूटच्या आदल्या दिवशी टीमने एक फॉरमॅट आणि एक फ्रेम रेट ठरवला, दहा सेकंदांची टेस्ट क्लिप टाइमलाइनवर टाकून बघितली, तरी निम्म्या रात्री वाचतील. उरलेल्या निम्म्यांचा हिशोब मात्र कंपन्यांकडेच मागावा लागेल.