जेलमधून निवडून आलेला माणूस

जुलै १७९८. न्यू जर्सीतलं न्यूअर्क गाव. अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन अॅडम्स गावातून चाललेत, म्हणून तोफांची सलामी सुरू आहे. गुत्त्याजवळ उभा असलेला एक जण म्हणतो, बघा, अध्यक्ष पुढे निघाले आणि हे मागून त्यांच्या ढुंगणावर तोफा डागतायत. ल्यूथर बाल्डविन नावाचा, चांगलीच चढलेला गडी म्हणतो, आरपार गेल्या तरी मला काय त्याचं! आज हा जोक हॉस्टेलच्या ग्रुपवर दोन इमोजींच्या पुढे गेला नसता. बाल्डविनला मात्र फेडरल कोर्टात उभं केलं गेलं, दंड झाला आणि तो भरेपर्यंत तुरुंगही.

आता तारखा बघा. संसद भाषणाच्या आणि छपाईच्या स्वातंत्र्यावर गदा आणणारा कायदा करणार नाही, असं सांगणारी अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती डिसेंबर १७९१ मध्ये लागू झाली. आणि राजद्रोहाचा हा कायदा आला १४ जुलै १७९८ ला. मधे सात वर्षंसुद्धा धड गेली नाहीत. घटनेची शाई वाळायच्या आत हे झालं, तेही घटना घडताना पाहिलेल्या पिढीच्या हातून. म्हणूनच 'फाउंडिंग फादर्स' हा शब्द कुणी फार भक्तिभावाने उच्चारला की मला हसू येतं.

त्या वेळी फ्रान्सशी समुद्रात चकमकी चालू होत्या, वातावरण तापलं होतं. सत्तेतल्या फेडरलिस्ट पक्षाला विरोधातले रिपब्लिकन (नाव तेच असलं तरी आजचा पक्ष वेगळा) फ्रान्सचे हस्तक वाटायचे. प्रतिनिधिगृहात हा कायदा ४४ विरुद्ध ४१ मतांनी, म्हणजे जेमतेम पास झाला. सरकार, संसद किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं आणि द्वेषमूलक काही लिहिलं-छापलं की दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड. या यादीत उपाध्यक्ष नव्हते. का? कारण उपाध्यक्ष होते विरोधी पक्षाचे थॉमस जेफरसन. त्यांना खुशाल शिव्या घाला! कायद्याची मुदत ३ मार्च १८०१ ला संपणार होती, म्हणजे अॅडम्स यांच्या कार्यकाळाच्या शेवटच्या दिवशी. उद्या विरोधक सत्तेवर आले तर हेच हत्यार आपल्यावर उलटायला नको, याची सोय आधीच केलेली.

कायद्याचे समर्थक म्हणायचे, अहो, हा तर इंग्लंडच्या कायद्यापेक्षा सौम्य आहे. ते खोटं नव्हतं. लिहिलेलं खरं असल्याचं सिद्ध केलं तर सुटका होती आणि निर्णय ज्यूरी देणार होती. वाचायला एकदम रीझनेबल. पण 'अध्यक्षांना बडेजावाची हाव आहे' हे वाक्य कोर्टात खरं कसं करून दाखवणार? मत आहे ते!

मॅथ्यू लायन नेमका इथेच अडकला. हा आयर्लंडहून वेठबिगारीच्या करारावर आलेला पोरगा, पुढे व्हरमाँटचा खासदार झाला. सोज्वळ वगैरे अजिबात नव्हता. जानेवारी १७९८ मध्ये भर सभागृहात रॉजर ग्रिसवोल्ड या खासदाराच्या तोंडावर तो थुंकला होता. पंधरा दिवसांनी ग्रिसवोल्ड काठी घेऊन त्याच्यावर तुटून पडला, तेव्हा लायनने शेकोटीचा चिमटा उचलला. संसदेचा दर्जा हल्लीच घसरला असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

त्याच्यावर खटला चालला तो अध्यक्षांच्या थाटामाटावर आणि हावरटपणावर टीका करणाऱ्या पत्रावरून. पत्र लिहिलं होतं कायदा येण्याआधी, छापून आलं नंतर. न्यायासनावर होते विल्यम पॅटरसन, ज्यांची सही खुद्द राज्यघटनेवर आहे. लायनने आपली बाजू स्वतःच मांडली आणि न्यायाधीशांनाच विचारलं, तुम्ही अध्यक्षांकडे जेवायला गेला असाल, तिथे थाटमाट दिसला नाही का? न्यायाधीश म्हणाले, मला तर साधेपणाच दिसला. झालं! चार महिने कैद, एक हजार डॉलर दंड.

आणि मग व्हरमाँटच्या मतदारांनी डिसेंबरमध्ये, तो कोठडीत असताना, त्याला पुन्हा खासदार केलं. फेडरलिस्टांनी त्याला सभागृहातून हाकलायचा प्रयत्न केला, पण दोन तृतीयांश मतं काही जमली नाहीत. मला या सगळ्या प्रकरणात हीच माणसं मोठी वाटतात. घटनेतलं ते सुंदर वाक्य लायनच्या कामी आलं नाही. सुप्रीम कोर्टात या कायद्याचा कधी निकालच लागला नाही, उलट त्याचेच न्यायाधीश गावोगाव फिरून हे खटले चालवत होते. कामी आले ते शेतकरी-कारागीर मतदार, ज्यांना आपला खासदार भांडकुदळ आहे हे चांगलं माहीत होतं.

पुढचा योगायोग तर वेब सिरीजवाल्यांनाही सुचणार नाही. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि अॅरन बर यांना ७३-७३ मतं पडली. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. तिथे प्रत्येक राज्याला एक मत, आणि १६ पैकी ९ राज्यं हवीत. ३५ फेऱ्या झाल्या तरी जेफरसन आठवरच अडकलेले. व्हरमाँटचे खासदार दोन, एक इकडे, एक तिकडे, त्यामुळे मत कोरं. ३६ व्या फेरीला फेडरलिस्ट खासदार बाजूला झाला आणि व्हरमाँटचं मत टाकायला उरला कोण? लायन! मेरीलँडचंही असंच जमलं आणि जेफरसन अध्यक्ष झाले.

त्यांनी या कायद्याखाली शिक्षा झालेल्यांना माफी दिली. इथे टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, पण जरा थांबा. याच जेफरसन यांनी १८०३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांना खासगी पत्र लिहून सुचवलं की विरोधी वृत्तपत्रवाल्यांपैकी काही ठळक लोकांवर राज्याच्या कायद्याखाली खटले भरले तर बरं होईल. खुर्ची बदलली की कातडी पातळ होते, दुसरं काय! न्यूयॉर्कमध्ये तर जेफरसन यांच्या बदनामीबद्दल हॅरी क्रॉसवेल या संपादकावर खटला झाला, आणि त्याच्या बाजूने उभे राहिले अलेक्झांडर हॅमिल्टन, म्हणजे राजद्रोह कायदा आणणाऱ्या पक्षाचेच बडे नेते.

लायन १८२२ मध्ये वारला. त्याचा दंड संसदेने व्याजासकट परत केला, तो १८४० मध्ये, त्याच्या वारसांना.