एका जागेचे दोन धनी

रेल्वेचे आरक्षण कागदी नोंदवहीवर चाले, तेव्हा एका गाडीची वही एका वेळी एकाच कारकुनाच्या हातात असे. रांगा लांबत, लोक चिडत. परंतु एकच जागा दोघांना दिली जाण्याचा धोका त्यामुळेच बराचसा टळे. १९८५ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले आणि तीच वही अनेक खिडक्यांवर एकदम उघडली. २००२ पासून तर ती घरोघरी उघडते. मोकळी जागा असंख्य पडद्यांवर एकाच क्षणी दिसते. मिळावयाची मात्र एकालाच.

यावरील उपाय १९७६ मध्येच मांडला गेला. आय.बी.एम.च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील के. पी. ईश्वरन, जिम ग्रे आणि त्यांचे दोन सहकारी यांनी दाखवून दिले की, प्रत्येक व्यवहाराने लागणाऱ्या नोंदींना कुलपे लावावीत आणि एकदा कुलूप सोडू लागल्यावर नवे लावू नये, एवढे पथ्य पाळले, तर सारे व्यवहार जणू एकामागून एक झाल्यासारखाच परिणाम होतो. कधी दोन व्यवहार परस्परांच्या कुलपाची वाट पाहत अडकतात आणि एकाला माघार घ्यावी लागते. शिस्तीची ही किंमत आहे.

ती टाळण्यासाठी शिस्तच सैल करण्याची सोयही झाली. १९९२ च्या एसक्यूएल मानकात व्यवहारांना परस्परांपासून अलग ठेवण्याच्या चार पायऱ्या आहेत. ऑरॅकल किंवा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये काही न सांगता मिळते, ती सर्वांत कडक पायरी नव्हे! एकाच नोंदीवरचा झगडा निदान लक्षात तरी येतो. नियम दोन नोंदींत विभागलेला असला की खरी पंचाईत. मुख्याध्यापक व उपमुख्याध्यापक यांपैकी एकाने शाळेत असलेच पाहिजे, असा नियम आहे असे समजू. दोघांचे रजेचे अर्ज एकाच क्षणी संगणकात शिरले. पहिल्याचा अर्ज तपासताना दुसरा हजर दिसला, दुसऱ्याचा तपासताना पहिला. प्रत्येक अर्जाने आपलीच नोंद बदलली, तेव्हा कुलपांची गाठच पडली नाही. दोन्ही रजा मंजूर, शाळा बेवारस. आणि यंत्र मात्र ठणठणीत.

सेकंदाला किती व्यवहार होतात, हे प्रणाली विकत घेताना विचारले जाणारच. कोणत्या कामाला कोणती पायरी लावली आहे, हेही सरकारी कार्यालयांनी, बँकांनी व विद्यापीठांनी लेखी मागितले पाहिजे. ग्रंथालयाच्या यादीला सैल पायरी चालेल. प्रवेशाची शेवटची जागा किंवा शिष्यवृत्तीची रक्कम यांना ती चालणार नाही, मग काम क्षणभर रेंगाळले तरी बेहत्तर. आणि सैल पायरी कोणी, कोणत्या कारणाने निवडली, याची नोंद त्या फायलीत असावी. आज त्याचा जाब खिडकीमागच्या कारकुनाला द्यावा लागतो.