“जा, गुरं राख!” असे म्हणू नका

अभ्यास आला नाही की मोठी माणसे रागावून म्हणतात, “जा, गुरं राख!” मला हे बोलणे पटत नाही.

गुरे राखतो तो गुराखी. गाईंसाठी ठेवलेले रान ते गायरान. ‘गोष्ठ’ म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा, त्याचाच आपला गोठा झाला. त्याच शब्दावरून ‘गोष्ठी’ म्हणजे माणसांची बैठक, आणि तिच्यावरून आपण आजीकडून ऐकतो ती गोष्ट! लग्नपत्रिकेत ‘गोरज मुहूर्त’ छापतात. गोरज म्हणजे सांजेला घरी येणाऱ्या गुरांच्या खुरांनी उडालेली धूळ. त्या धुळीवर लग्न लागते, मग ती गुरे वळणारा हलका कसा?

खरी गंमत तर पुढेच आहे. पंडित लोक संशोधनाला ‘गवेषणा’ म्हणतात. तिचा मूळ अर्थ गाय शोधणे. चुकलेली गाय शोधायची तर माग काढावा लागतो, खुरांचे ठसे ओळखावे लागतात, चार जणांना विचारावे लागते. अभ्यासात तरी दुसरे काय करतात?

शाळा सोडून गुरे राखावीत असे माझे म्हणणे नाही. शाळा सगळ्यांनी शिकावी, गुराख्याच्या पोरानेही. पण असे बोलणे ऐकले की वर्गात ज्याचे वडील गुरे वळतात, तो मान खाली घालतो. त्याची मान खाली जाऊ नये, एवढेच माझे मत. मित्रांनो, पालकांनो, पटतंय का बघा!